आधी रक्त तपासा, मग डबा उघडा

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईचे केस विरळ होऊ लागले की तिला आपल्याकडे तीन सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, वय झालं. शेजारीण म्हणते, कलौंजीचं तेल लाव. मोबाईल म्हणतो, ही गोळी घे आणि नव्वद दिवसांत फरक बघ. ‘आधी रक्त तपासून घे’ हा चौथा सल्ला मी क्वचितच ऐकला आहे. हा लेख त्या चौथ्या सल्ल्याच्या बाजूने आहे आणि तिसऱ्याच्या विरोधात आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. शरीरात एखाद्या घटकाची कमतरता असेल आणि ती तपासणीत दिसली असेल, तर तो घटक गोळीतून घेणं हा उपचार आहे. तो बहुतेक वेळा स्वस्तही असतो. कमतरता नसेल, तर ‘केसांसाठी’ म्हणून विकली जाणारी व्हिटॅमिनची गोळी वयाने विरळ झालेले केस परत आणते याला भरवशाचा पुरावा नाही. काही वेळा तीच गोळी नुकसान करते. आणि या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, गोळीच्या नादात केस का गेले हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

मी बोदवडची. शाळेत शिकवते. इंग्रजी वाचता येतं म्हणून गल्लीतल्या बायका कसले कसले डबे वाचून घ्यायला माझ्याकडे आणतात. पूर्वी बँकेचे आणि शाळेचे कागद यायचे, आता केसांच्या गोळ्या येतात. कुणाला जावेने सुचवलेली असते, कुणाला मेंबर बनवणाऱ्या एखाद्या ‘मॅडम’ने गळ्यात मारलेली असते, कुणी मोबाईलवर बघून मागवलेली असते. महिन्याचा डबा सातशे-आठशेचा. ‘लाडकी बहीण’चे १५०० रुपये खात्यात येतात आणि त्यातले निम्मे या डब्यात जातात. डब्यावरची माहिती इंग्रजीत, कारण कायद्याने ती इंग्रजीत किंवा हिंदीत असली की पुरते. विकताना मात्र मराठी, उर्दू, अहिराणी सगळ्या भाषा चालतात.

शेगाव आपल्यापासून किती लांब आहे?

बोदवड स्टेशनवरून पॅसेंजरने निघालं की मलकापूर, नांदुरा, जलंब आणि मग शेगाव. एकाच लाइनीवरची गावं. त्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये जे घडलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुलं, तरुण मुली, म्हातारी माणसं, कुणी सुटलं नाही. १८ गावांतल्या २७९ जणांचे केस गेल्याचा आकडा बातम्यांत आला. मुलींनी घराबाहेर पडणं सोडलं. ठरलेली लग्नं अडल्याच्याही बातम्या आल्या.

सुरुवातीला संशय शॅम्पूवर गेला, मग खाऱ्या पाण्यावर, मग बुरशीवर. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन नमुने घेतले. विंचूदंशावरच्या कामामुळे त्यांचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की रेशनच्या गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर होतं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही ते वाढलेलं होतं, आणि झिंक कमी पडलं होतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हा गहू पंजाबातून आलेला होता.

ही गोष्ट इथे सांगण्याचं कारण आहे. माझ्याकडे आलेला केसांच्या गोळ्यांचा कोणताही डबा उलटा करून वाचला, तर बायोटिन, झिंक, लोह, व्हिटॅमिन ए, व्हिटॅमिन ई यांच्या रांगेत बहुतेक वेळा एक नाव असतंच. सेलेनियम.

ज्या पदार्थाच्या अतिरेकाने शेजारच्या जिल्ह्यात लोकांचे केस गेले असं म्हटलं गेलं, तोच पदार्थ आपण केस यावेत म्हणून पैसे मोजून घेतो. सेलेनियम विष आहे असं मी म्हणत नाही. शरीराला ते लागतंच, पण किती? मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम पुरतं असं अमेरिकेतलं प्रमाण सांगतं, आणि ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नका असंही तेच सांगतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या बारीक मापाचा हा मामला. पोळीतून किती जातं ते माहीत नाही, गोळीतून किती जातं ते वाचलेलं नाही, आणि अंदाजाने आपण रोज एक गिळतो.

अंदाज चुकला तर काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेतच आहे. २००८ साली तिथे एका पातळ सप्लिमेंटमध्ये बनवताना घोटाळा झाला. एका मात्रेत २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम असल्याचं बाटलीवर लिहिलं होतं. प्रत्यक्षात निघालं ४०,८०० मायक्रोग्रॅम. दहा राज्यांतले २०१ लोक आजारी पडले. जुलाब, थकवा, सांधेदुखी, नखं बिघडणं, आणि त्यांच्यातल्या बहुसंख्य लोकांचे केस गळाले. तब्येत सुधारावी म्हणून घेतलेल्या बाटलीने केस नेले. त्या देशात तपासणारी यंत्रणा तगडी होती म्हणून हे उघडकीला आलं. आपल्याकडे कुरिअरने आलेल्या डब्यात काय आहे ते कोण मोजणार? व्हिटॅमिन ए चंही असंच आहे. ते कमी पडलं तर त्रास, आणि फार झालं तर त्यानेही केस गळतात.

केसांना काय होतं

डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. प्रत्येक केसाचं आपलं चक्र असतं: काही वर्षं तो वाढतो, मग थांबतो, दोन-तीन महिने विसावतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून दुसरा येतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणं यात काही विशेष नाही. बायकांचे केस विरळ होतात ते मुख्यतः दोन वाटांनी, आणि या दोन वाटा वेगळ्या ओळखणं म्हणजे निम्मं काम.

पहिली वाट झडण्याची. टायफॉइड, डेंगी, कोविड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, घरातला मृत्यू किंवा उपासमारीचं डाएट, असा एखादा धक्का शरीराला बसला की पुष्कळसे केस एकदमच विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळू लागतात. बाईला वाटतं, आत्ताच काहीतरी झालं. कारण मात्र तीन महिन्यांपूर्वीचं असतं. मूळ कारण गेलं की हे केस बहुधा सहा-आठ महिन्यांत आपले आपण परत येतात.

दुसरी वाट बारीक होण्याची. यात मूठभर केस गळत नाहीत. भांग हळूहळू रुंद होत जातो, वेणी बोटाएवढी होते, टाळू दिसू लागते. यात केसांची मुळंच वर्षागणिक लहान होत जातात आणि दर वेळी येणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो. यात आनुवंशिकता असते, वय असतं, पाळी थांबण्याच्या सुमाराचे बदल असतात. आपल्या देशात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते, म्हणजे हा काळ आपल्याकडे लवकर येतो.

व्हिटॅमिनची गोळी या दुसऱ्या वाटेवर काय करणार? आपल्या भागातल्या कापूसवाल्याला विचारा. जमिनीत नत्र कमी असेल तर युरिया दिल्यावर झाड हिरवंगार होतं. जमिनीत नत्र पुरेसं असताना पोत्यावर पोती टाकली तर पीक वाढत नाही, पैसा जातो आणि कधी झाड जळतं. म्हणून माती परीक्षण करा म्हणतात. शेताला जे लागू ते बाईच्या शरीराला का लागू नाही? मातीचा नमुना तालुक्याला पाठवणारा माणूस बायकोचा रक्ताचा नमुना का देत नाही?

लोहाची गोष्ट

एक कमतरता खरोखरच घरोघरी आहे, आणि ती लोहाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. दोनातली एक. लोह कमी पडल्यावर शरीर आधी हृदय, मेंदू यांची सोय बघतं. केस त्याच्या यादीत शेवटी येतात, जशी आपल्या घरांत बाई ताटावर शेवटी येते. बोटी आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात, मग रस्सा तिच्या वाट्याला. रमजानमध्ये सहरीला सगळ्यांत आधी उठणारी आणि इफ्तारला सगळ्यांत शेवटी बसणारी तीच.

इथे गोळी कामाची आहे, पण कोणती? साधी लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात ती सरकारी केंद्रात फुकट मिळते. तिच्यावर लांब केसांच्या मुलीचा फोटो नसतो म्हणून ती आपल्याला औषध वाटत नाही. ती लिंबू पिळलेल्या जेवणाबरोबर घेतली तर चांगली लागू पडते आणि चहाबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते. लोह भरून निघाल्यावर केस पूर्वीसारखे दाट होतीलच अशी हमी कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. पण जिना चढताना लागणारी धाप जाते, चक्कर जाते, हातपाय चालू लागतात. केस नाही आले तरी बाई परत येते, ही काय लहान गोष्ट आहे?

आता त्या पाहणीतलं वय परत वाचा. १५ ते ४९. पन्नाशीनंतरची बाई त्या मोजणीतच नाही. मुलं होण्याचं वय संपलं की सरकारी तक्त्यातून ती बाहेर, आणि घरच्या तक्त्यात तर ती कधी नव्हतीच. नेमकी हीच बाई केसांच्या गोळीची गिऱ्हाईक आहे, आणि तिच्या बाबतीत एक धोका कुणी सांगत नाही. पाळी चालू असताना लोह कमी होण्याचं कारण बहुधा पाळीच असते. पाळी थांबून वर्षं झाली तरी लोह कमी होत असेल, तर रक्त कुठून जातंय हे शोधावं लागतं. मूळव्याध असेल, पोटातला अल्सर असेल, सांधेदुखीसाठी रोज घेतलेल्या पेनकिलरने पोटात होणारा रक्तस्राव असेल, क्वचित आतड्याचा कॅन्सर असेल. तसंच पाळी जाण्याच्या सुमारास महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जात असेल, तर ते ‘या वयात होतंच’ म्हणून सोडायचं नसतं. अशा बाईने सहा महिने केसांची गोळी खाल्ली, तर सहा महिने तिचा आजार आत वाढत राहिला. माझा राग सातशे रुपयांवर नाही, या सहा महिन्यांवर आहे.

‘व्हिटॅमिनच तर आहे, नुकसान काय?’

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बायोटिनचं उदाहरण घ्या. केसांच्या गोळ्यांचा राजा म्हणजे बायोटिन. माणसाला ते दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतं. अंडी, दाणे, डाळी, कलेजी यांतून ते मिळून जातं. खरी कमतरता इतकी दुर्मीळ आहे, की तिचं ठरलेलं उदाहरण म्हणजे महिनोन्महिने कच्च्या अंड्याचा पांढरा भाग खाणारा माणूस. गोळीत किती असतं? ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे गरजेच्या तीनशे पटींपर्यंत.

जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, हे खरं. पण जाण्याआधी ते रक्तात फिरतं आणि प्रयोगशाळेच्या काही चाचण्यांना फसवतं. थायरॉइडची आणि हृदयविकाराच्या झटक्यात करायची ट्रोपोनिनची चाचणी अनेक यंत्रांवर बायोटिनचाच वापर करून होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाचा ट्रोपोनिनचा आकडा चुकून कमी आला आणि तो रुग्ण दगावला, अशी नोंद त्यात होती.

थायरॉइड मंदावलं की केस विरळ होतात, आणि हा आजार बायकांत जास्त. म्हणजे जिचे केस थायरॉइडमुळे जातायत ती बायोटिन खाते आणि रक्त तपासायला जाते, तेव्हा बायोटिन तिच्या थायरॉइडचा रिपोर्टच बिघडवू शकतं. गोळी चोर पकडत नाही, चोराला पळायला वाट करून देते. म्हणून अशी गोळी चालू असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्याला सांगा, आणि ती किमान दोन-तीन दिवस आधी बंद करा.

‘पण मला फरक पडला’

पडला असेल. मी कुणाला खोटं ठरवत नाही. पण झडण्याच्या वाटेवरचे केस सहा-आठ महिन्यांत आपोआप येतात हे वर लिहिलंच आहे. गळती अगदी टोकाला गेल्यावर माणूस गोळी सुरू करतो, तेव्हा उतार तसाही सुरू व्हायचा असतो. श्रेय डब्याला जातं. शेगावच्या गावांतही तो गहू थांबल्यावर काही आठवड्यांत पुष्कळांच्या डोक्यावर केस परत उगवू लागले. जानेवारीत तिथे जाऊन कुणी गोळी विकली असती, तर मार्चमध्ये त्याची मिरवणूक निघाली असती.

गोळीच्या बाजूचा पुरावा अगदीच नाही असंही नाही, आणि तो लपवणं मला पटणार नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये एका महागड्या गोळीचा अभ्यास छापून आला. ४० बायका, सहा महिने. गोळी घेणाऱ्यांचे केस नुसती साखरेसारखी गोळी घेणाऱ्यांपेक्षा थोडे वाढलेले दिसले. फ्रान्समध्ये २०१५ मध्ये १२० बायकांवर माशाच्या तेलासारख्या मिश्रणाचा असाच सहा महिन्यांचा अभ्यास झाला, त्यातही थोडा फरक दिसला. पण असे अभ्यास लहान आहेत, थोड्या काळाचे आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांचा खर्च गोळी बनवणाऱ्यांनीच उचललेला आहे. शिवाय ज्या मिश्रणाचा अभ्यास झाला ते आपल्या गल्लीत येणाऱ्या डब्यात नसतंच. एकाच्या परीक्षेच्या गुणांवर दुसऱ्याला पास कसं करायचं?

बारीक होण्याच्या वाटेवर ज्याला खरा पुरावा आहे ते औषध म्हणजे डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल. बायकांसाठी त्याला अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळाली, आणि २०१६ च्या कोक्रेन आढाव्यातही ते नुसत्या द्रावणापेक्षा सरस ठरलं. तेही जादू नाही. चार-सहा महिने रोज लावल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीला केस जास्तच गळतात. कपाळावर, गालावर लव येऊ शकते. बंद केलं की मिळालेलं पुन्हा जातं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने ते वापरू नये, आणि बाकीच्यांनी डॉक्टरांना दाखवूनच सुरू करावं. हे सगळं औषधाच्या कागदावर लिहिलेलं असतं. ‘नव्वद दिवसांत घनदाट’ असं त्यावर कुठे नसतं. खरं औषध आपल्या मर्यादा सांगतं.

याउलट गोळीचा डबा बघा. औषधांबाबतच्या १९४५ च्या नियमांना एक परिशिष्ट आहे, ‘शेड्यूल जे’. कोणकोणते आजार बरे करण्याचा दावा औषधाने करायचा नाही त्याची ती यादी. त्यात टक्कल आहे आणि नवे केस उगवणंही आहे. मग हा धंदा चालतो कसा? गोळीला औषध न म्हणता ‘अन्न’ म्हणून. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापावं लागतं. बारीक अक्षरात ते छापलेलं असतंच. म्हणजे विकणारा कायद्याला सांगतो की हे औषध नाही, आणि बाईला सांगतो की यानेच बरं होईल. या दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी आहे, आणि ती कुणाला सांगितली जाते ते उघड आहे.

हलाल, कलौंजी आणि आपण

आता थोडं आपल्या घरातलं. मुस्लिम बाईच्या हातात डबा आला की तिचा पहिला प्रश्न असतो, कॅप्सूलचं जिलेटिन कशाचं आहे? हलाल आहे का? प्रश्न रास्त आहे, विचारलाच पाहिजे. पण आपण तिथेच थांबतो. डब्यावर हलालचा शिक्का दिसला की समाधान. शिक्का एवढंच सांगतो की हराम काही घातलेलं नाही. आत जे आहे ते उपयोगी आहे असं तो सांगत नाही. गरज नसलेल्या गोष्टीवर पैसा उधळणं म्हणजे इस्राफ, आणि मापात खोट करून विकणं हा गुन्हा, हे आपल्याला लहानपणापासून मदरशात शिकवलेलं आहे. मग डबा बघताना फक्त जिलेटिनच का आठवावं?

कलौंजीचंही तेच. कलौंजीबद्दल आपल्या मनात आदर आहे, माझ्याही आहे. स्वयंपाकघरात ती असते, लोणच्यात असते. पण त्या आदराला लेबल चिकटवून शंभर मिलीलिटरची बाटली सहाशेला विकणारा दीनची खिदमत करत नाही, दुकान चालवतो. तेलाने केस मऊ होतात, कमी तुटतात. केसाचं मूळ जगतं ते रक्तावर. वरून लावलेलं तेल लोहाची भरपाई करत नाही.

आणखी एक गैरसमज दोन्ही बाजूंनी ऐकते. काही जणांना वाटतं, बुरखा-ओढणीमुळे केसांना हवा लागत नाही म्हणून ते गळतात. मुळांना ऑक्सिजन रक्तातून मिळतो, हवेतून नाही. ओढणी निर्दोष आहे. दोष असलाच तर खाली घट्ट आवळलेल्या अंबाड्याचा. वर्षानुवर्षं केस ताणून बांधले तर कपाळाच्या आणि कानाच्या कडेचे केस जातात. अंबाडा सैल बांधा, ओले केस आवळू नका. बस्स.

पण ओढणीचा एक दुसरा परिणाम मी पाहिला आहे, आणि तो ओढणीचा नाही, आपल्या स्वभावाचा आहे. बाईने घरात केसांचं गाऱ्हाणं केलं की उत्तर येतं, ‘ओढणीखाली कोण बघतंय?’ ती बघते. दिवसातून पाच वेळा वजू करताना मसहचा ओला हात डोक्यावरून फिरतो तेव्हा तिला कळतं, केस किती राहिले. लग्नाच्या घरात बायकांच्या खोलीत ओढण्या उतरतात तेव्हा ती आपली उतरवत नाही. चारचौघींत बोलायची चोरी. तालुक्याला त्वचेचा डॉक्टर नाही, भुसावळ किंवा जळगावला जायचं तर सोबत कोण येणार, आणि डॉक्टर पुरुष निघाला तर? नवरा म्हणतो, केसांसाठी कुठे गाडीभाडं घालतेस? मग एक गोळी येते, जिला ना नवऱ्याला विचारावं लागतं, ना डोकं कुणाला दाखवावं लागतं. डबा तिला घरपोच मिळतो आणि गुपचूप खाता येतो. गोळीवाल्याने तिला फसवलं, पण त्याच्या दारात तिला आपण लोटलं. तिची टिंगल करणाऱ्याने गोळीवाल्याला शिव्या देऊ नयेत.

मग करायचं काय

आधी ओळखा, झडतायत की बारीक होतायत. गेल्या सहा महिन्यांत ताप, ऑपरेशन, बाळंतपण, मोठा धक्का, नवं औषध असं काही झालं का ते आठवा. मग सरकारी दवाखान्यात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. हिमोग्लोबिन बघा. डॉक्टर म्हणाले तर साठ्यातलं लोह दाखवणारी फेरिटिन आणि थायरॉइडची टीएसएच करा. जे कमी निघेल तेवढंच घ्या, सांगितलं तेवढेच दिवस. टाळूवर गोल चकत्या पडल्या, खाज, पू, दुखणं असेल, किंवा चेहऱ्यावर केस वाढून आवाज जाड होऊ लागला, तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. इस्लाममध्ये उपचारासाठी डॉक्टरला दाखवायला मनाई नाही, हे सांगायला आता मौलानांची गरज पडू नये.

आणि ताट बघा. केस म्हणजे प्रथिन. ज्वारी-बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, तुरीची डाळ, दाणे, तीळ, मेथी, अंडी, जमेल तेव्हा कलेजी, हे आपल्या खानदेशात मिळतं. महिन्याच्या डब्याच्या पैशात रोज दोन अंडी येतात आणि वर पैसे उरतात. फक्त ती अंडी तिच्या ताटात पडली पाहिजेत.

शेवटचं आपल्या जमातीच्या, मंडळांच्या आणि बचत गटांच्या जबाबदार मंडळींना. ईद-ए-मिलादला आपण रक्तदान शिबिरं भरवतो, मोठ्या अभिमानाने. रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबारा लागतं. बाई उत्साहाने येते, बोटाला सुई टोचली जाते, ‘तुमचं नाही चालणार’ असं सांगून तिला परत पाठवलं जातं. त्या एका थेंबाने सांगितलेली गोष्ट कुणी लिहून ठेवत नाही. यापुढे परत पाठवलेल्या प्रत्येक बाईचा आकडा एका कागदावर लिहून तिच्या हातात द्या. शेजारी एक टेबल टाका, चाळिशीच्या पुढच्या बायकांसाठी, एका डॉक्टर बाईसकट. पडदा लावा म्हणजे डोक्यावरची ओढणी सरकवून भांग दाखवता येईल. खर्च मंडपापेक्षा कमी येईल. आणि केसांच्या गोळ्या विकायला गल्लीत कुणी आलं, तर त्याला फक्त एवढंच विचारा: हिचं रक्त तपासलंय का?